जॉबरचा कान

रात्री नऊला अक्का बोलणार होती म्हणून
मी आठही माग बंद केले.
एका तासाचे किती टॉवेल, ते तिला सांगितलं नाही.
आमच्या बोळात माग थांबला की
लोक दार उघडून विचारतात, कोण गेलं?

माडीवर बिड्यांची सुपं सरकवून जागा केली,
मागं मोराची चादर टांगली, ती उलटी लागली,
आणि पडद्यावर सात चौकोन उजळले:
एक निवृत्त जनरल, एक खासदारीणबाई,
पोलंडचा एक प्राध्यापक, मांडीवर मांजर घेतलेला.
शेवटच्या चौकोनात डॉ. अनसूया इराबत्ती, संरक्षण धोरण.
गाव लिहिलं नव्हतं.

भिंतीपलीकडं चिप्पांचे माग चालूच होते.
निवेदिका दचकली,
तुमच्याकडं गोळीबार चाललाय का?
अक्का म्हणाली, नाही. टॉवेल आहेत.
आधी कुणीच हसलं नाही,
मग मांजरवाला हसला.

मग तोफगोळ्यांचा विषय निघाला.
जनरल म्हणाले, बंद कारखाने आहेत की,
पैसा ओतला तर दोन वर्षांत उघडतील.
अक्का पाणी प्याली.
उघडेल ते कुलूप, म्हणाली.
एका गावची मिल मी पाहिलीय.
यंत्रं भंगारात गेली, ती परत विकत मिळतात.
पण तिथं एक जॉबर होता,
शंभर मागांच्या गोंगाटात नुसता उभा राहून
कुठला धोटा अडखळतोय ते सांगायचा.
मिल सुटल्यावर तो गड्ड्यात शेंगा विकायचा.
तुमचा तसा माणूस आज काय विकतोय
ते आधी शोधा. आकडे मग लिहा.

खासदारीणबाईंनी काहीतरी टिपून घेतलं.

'एका गावची' म्हणाली. 'एक जॉबर' म्हणाली.
नायनाचा फोटो तिच्या डाव्या हाताला होता,
कॅमेऱ्यात न येईल असा.

दहाला संपलं. अम्मानं विचारलं,
ठरलं का लढाईचं?
ते आम्ही ठरवत नाही गं. होऊ नये म्हणून
किती तयारी पुरे, यावर भांडतो.
अम्मा म्हणाली, त्याचे पैसे देतात?

मला ग्दिन्याला अडकलेल्या
बाराशे टॉवेलांचं विचारायचं होतं.
तोंडातून भलतंच गेलं:
नायनाचा कान तोफगोळ्यांना कशाला लावलास?
ती सुपातला पाला निवडत बसली,
चांगला, फाटका, चांगला.

मी खाली येऊन एकेक माग सुरू केला.
आठही लागले, एक मात्र कुरकुरत होता.
अक्का जिन्यात येऊन उभी राहिली, डोळे मिटून,
अगदी त्याच्यासारखी मान कलती.
सहा नंबर, म्हणाली. पिकर ढिला आहे.

पाच नंबरचा होता.

मी पाना घेऊन
आधी सहाचा बोल्ट आवळला.