सामायिक भिंत

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
आमचं घर आणि तंगमणीचं घर,
मध्ये सिडकोची एकच भिंत, साडेचार इंची.
इतक्या वर्षांत तिच्यातून सगळं आरपार गेलंय:
मिक्सर, खोकला, त्यांची मल्याळी भांडणं,
आमची सातारी, जशीच्या तशी.
वायर तेवढी गेली नव्हती.

आज निहाल आला ड्रिल मशीन घेऊन,
केबलवाल्याचा भाचा, कानामागे पेन्सिल.
"दोन घरांत एक कनेक्शन
कंपनीला चालत नाही, ताई. मला चालतं."
महिन्याला सहाशे नव्वद, निम्मे निम्मे.
वर दहा रुपये विजेचे
तंगमणीने स्वतःच लावून घेतले,
प्लग आमचा म्हणून.

भोक पडलं तेव्हा
विटेचा लाल भुगा तिच्या धुतलेल्या लादीवर.
ती पलीकडून वाकली. एक डोळा दिसला,
काजळ घातलेला, भुग्याने मिचकावणारा.
रोज दारात भेटतो आम्ही,
तरी मी त्या भोकाला हात केला.

अण्णा खुर्चीत. पस्तीस वर्षं
कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी.
त्यांनी राउटर हातात घेतला, तोलला.
"पाव किलो पण नाही. ओढतो किती?"
"शंभर एमबीपीएस."
"शंभर." ते थोडं थांबले.
"आमची गोणीही शंभराचीच असायची आधी.
एकाच्या पाठीवर, का वाटून?"
निहाल वायरचं टोक सोलत होता.
"वाटून. सगळे एकदम ओढायला लागले
की सगळ्यांनाच कमी."
"टोळीचा हिशेब," अण्णा म्हणाले,
आणि खोका परत दिला, दोन्ही हातांनी.

मग मोबाईलवर काहीतरी उघडायचं होतं.
एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट,
टिंब, एक, टिंब, एक.
अण्णांनी डायरीत उतरवून घेतलं, मोजलं.
"आठच आकडे. दोन गळाले."
"फोन नंबर नाही हो आजोबा, पत्ता आहे.
घरातल्या घरात चालणारा."
"मग पोस्टमनचा काय उपयोग,"
असं ते कुणाला म्हणाले, कळलं नाही.

नावावरून अर्धा तास गेला.
तंगमणीच्या लिजीला लिजीचं नाव हवं,
मला आमचं आडनाव,
तंगमणीला कुठल्यातरी संताचं.
शेवटी घरांचे नंबर टाकले, एकवीस-बावीस,
कुणालाच न आवडलेले.

पासवर्ड कमीत कमी आठ अक्षरी.
अण्णांनी उशीखालून पाकीट काढलं,
पाकिटातून बिल्ला. पितळ झिजून गुळगुळीत,
त्यावर चार आकडे.
तंगमणी म्हणाली, माझा पण होता,
वाशीच्या हॉस्पिटलात, एप्रनवर, चारच.
ती तो म्हणायला लागली
आणि मध्येच अडली, मल्याळीत जाऊन परत आली.
"नुसते आकडे? कुणीही तोडेल," निहाल म्हणाला.
"हजेरीवाला वारला," अण्णा म्हणाले.
"आता हा नंबर कुणाला ठाऊक आहे?"
मी इथेही तो लिहिणार नाही.

लाल दिवा. लाल. लाल.
निहालने खोक्यावर एक टपली मारली,
जी त्याला कुठल्या कोर्समध्ये शिकवली नसावी.
हिरवा.

रात्री साडेदहाला मी ब्लाउजच्या बाह्यांचा
व्हिडिओ बघत होते. चाक फिरायला लागलं.
फिरतंच राहिलं.
आणि भिंतीवर तीन टकटक:
लिजीची परीक्षा, ऑनलाईन, कुठल्यातरी परदेशी नर्सिंगची.
मी व्हिडिओ थांबवला. कात्री तशीच हातात.
अण्णा जागेच होते.
"काय झालं?"
"काही नाही. त्यांना वजन जास्त आहे आज."
"मग तू खांदा बदल," ते म्हणाले,
आणि कूस बदलली स्वतःच,
सावकाश, पाठीची परवानगी घेत.

एम-सील अर्ध्यावर संपलंय.
भोकात वायरभोवती थोडी फट राहिलीये.
पलीकडचा दिवा अजून चालू आहे,
एवढं दिसतं.