मागील पत्रीं लिहिलेच आहे

रात्रीचे पावणेबारा. डहाणूकर कॉलनीत खाली
कुणीतरी स्कूटर लावतंय, स्टँड पुन्हा पुन्हा घसरतोय.
माझ्या पडद्यावर काळ्या चौकटीत एकच ओळ:
अमुक लायब्ररी सापडली नाही. बॅकअप थांबवला आहे.

तापकीर गल्लीतून आणलेली नवी डिस्क
निळा डोळा मिचकावत बसली आहे,
पाट मांडून पान न वाढलेल्या पाहुण्यासारखी.

रविवारी मी अपडेटला हो म्हटलं. एवढाच गुन्हा.

अकरा वर्षांची मोडी आहे आत.
वाटण्या, गहाणखतं, चऱ्होलीकडच्या एका विहिरीचा तंटा,
कुणा सगुणेने दिरावर केलेली फिर्याद,
शेजारी माझं लिप्यंतर,
आणि जिथे शाई फुटली तिथे माझी प्रश्नचिन्हं.

अद्वयला फोन लावते. त्यानेच हे सगळं बसवून दिलं
आणि ग्रोनिंगेनला निघून गेला. तिथे सव्वाआठ.
"आत्या, दिसतंय तसं वाच. गाळू नकोस काही."
एल, आय, बी, मग आडवी रेघ.
"खालची की मधली?"
"मधली."
त्याच्या कुकरची शिट्टी होते.

ती बसवली. ती म्हणाली, मला आणखी एक लागते.
ती आणखी एक म्हणाली, येते, पण माझ्यासोबत जुनी हवी,
तुमच्याकडची नवी मला चालायची नाही.
आणि जुनी तर रविवारीच गेली,
साड्या घेऊन पातेलं देणारी बाई यावी
आणि मागाहून कळावं, त्यात पैठणी होती.

अद्वय वैतागतो. मी नाही.
हा माझा धंदाच आहे.
हाती पत्र येतं: सदरहू मजकूर मागील पत्रीं लिहिलेच आहे,
तेणेप्रमाणे करणे.
आणि मागील पत्र वाळवीने खाल्लेलं,
नाहीतर धाकट्या पातीकडे गेलेलं,
नाहीतर कुणी त्यात हिंगाची पुडी बांधलेली.
शिक्का आहे, तारीख आहे, हुकूम आहे.
काय करणे, ते नाही.

हे यंत्र निदान नाव घेऊन सांगतं काय नाही ते,
आवृत्तीच्या आकड्यासकट.
एवढं सौजन्य माझ्या एकाही कारकुनाने दाखवलं नाही.

एक वाजून दहा.
"आता चालव."
हिरवी पट्टी जरा थबकते, मग सरकू लागते.
"जेवलास का रे?"
"भात लागला खाली."
विहीर गेली. गहाणखतं जाताहेत.
सगुणा गेली, तिच्या तिसऱ्या ओळीतल्या
माझ्या प्रश्नचिन्हासह, जशीच्या तशी.

झोपण्याआधी डायरीत उतरवून ठेवते:
कोणती, कितवी, कशाच्या आधी.
मोडीत लिहायचा मोह झाला होता.
बाळबोधच लिहिलं, सुटं सुटं,
आणि मागील कशाचाही हवाला न देता.