तिसरी प्रत

डिचोलीच्या दुकानात दोन डिस्क.
एकीवर लिहिलं की दुसरीवर उमटायचं.
आरसाच तो. मी निर्धास्त.

जुनी हार्डडिस्क मरण्याआधी कण्हायची तरी,
ही एसएसडी अवाक्षर काढत नाही—
पण परवा मेली नाही कुठलीच.
माझंच बोट चुकलं,
‘धालो’ नावाचं फोल्डर पुसलं
आणि आरशानंही, आज्ञाधारक,
त्याच क्षणी.

काणकोणला फोन केला. सुलक्षाताई म्हणाली,
चवथीला विसरून गेलेलास ती डबी ना?
तांदळाच्या डब्यात ठेवलीय, दमट हवा म्हणून.

तीत सुकांतीबाय सगळी आहे,
खोकल्यासकट.

चवथीनंतरची पाच गाणी तेवढी नाहीत.
त्यांच्यासाठी उद्या पुन्हा तिच्या दारात.
ये म्हणाली,
पण दुपारची झोप झाल्यावर.