दोघांत तिसरा

ग्रिम्सबीत, गोदीमागच्या गल्लीत,
चाळीस वर्षं कॉड चिरणाऱ्या माणसाचं घर.
माणूस गेला, वास राहिला:
मासळी, पाइपची तंबाखू, ओल्या लोकरीचं काहीतरी.
लेक म्हणाली, तीन गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली,
काय करायचं ते करा.

कुंड्या बाहेर. शेजारणीचं मांजर बाहेर.
मधल्या खोलीत माझी पेटी.
आत काचेची पट्टी, दोन्ही अंगांना पोलादी जाळी,
मिलिमीटरभर फट,
आणि त्या फटीत पाच हजार व्होल्ट.
हवा आधी निळ्या खड्यांच्या नळीतून सुकवायची,
ओली गेली तर तेजाब होतं, जाळी खातं.
हे मी दोन पेट्या वाया घालवून शिकलो.

बटण दाबलं की जांभळं थरथरतं.
ठिणगी नव्हे. ठिणगी दिसली तर समजा काच गेली.
नुसती कुजबूज,
मोहरी तडतडण्याच्या जरा आधीची.

प्राणवायूची जोडी फुटते,
सुटलेला एक दुसऱ्याच जोडीत जाऊन घुसतो.
दोघांत तिसरा.
त्याला कुणी बस म्हटलेलं नसतं.
घटकाभर टिकतो,
मग धूर, चरबी, जे भेटेल त्याला धरतो,
त्याला संपवतो आणि संपतो.
एकोणीस वर्षं झाली मला या देशात. असो.

पलीकडे क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्यावर
जुने लोक म्हणे ओझोन खायला यायचे.
ते कुजलेलं शेवाळ होतं.
खरा वास दाराच्या फटीतून निसटतो तेव्हा
मी मिरजेत, स्टेशनसमोर, झेरॉक्सच्या दुकानात,
हातात मार्कशीट, अजून गरम.

सहा तास. मग खिडक्या उघडून दोन.
ग्लेनिस आली, खोल्याखोल्यांतून फिरली,
डोळ्यांनी नाही, नाकानं.
छान, म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा, छान.
जिन्याखालच्या फडताळाशी थांबली.
त्याला मी टेप लावली होती,
आत तिच्या बापाचे गमबूट होते,
आणि ओझोन रबराला भेगा पाडतो.
एवढंच कारण.

टेप तिनंच ओढली.
वाकून आत गेली.
बराच वेळ नुसती पाठ दिसत होती.

मी वायरी गुंडाळल्या.
बिलावर 'संपूर्ण घर' लिहिलं होतं, ते खोडलं.
तेवढ्यात आतून आवाज,
टेप आहे का अजून?