तिसरी पायरी

अम्मीनं आजवर किती जानमाजांच्या कडा दुमडल्या
त्याचा हिशेब शेठजीच्या वहीत आहे,
नगाला सव्वा रुपया.
प्रत्येकीवर एक कमान, दोन मिनार,
साखर पेठेतल्या जॅकार्डवर विणलेले.
शुक्रवारी टेम्पो येतो, गठ्ठे जातात
कुठल्या कुठल्या मशिदींत.
चोवीस वर्षांत अम्मीनं कमान पाहिली ती एवढीच,
सुईखालून सरकत जाणारी.

आमची मशीद गल्लीच्या टोकाला.
सोलापुरात नळ येतो पाचव्या दिवशी,
मशिदीच्या बोअरला मात्र भर वैशाखात पाणी.
घागरी घेऊन बाया भिंतीबाहेरच्या तोटीपर्यंत जातात.
तिथपर्यंत मशीद बायांची.

मकबूलचाचा तूरडाळ तोलता तोलता म्हणाले,
हदीसमध्ये आलंय, बायांना घर बेहतर.
मी म्हटलं, वाक्य सुरुवातीपासून वाचा ना चाचा,
अल्लाहच्या बांदींना मशिदीपासून अडवू नका,
असं सुरू होतं ते.
एकाच वाक्याची दोन टोकं धरून
आम्ही उभे, चादर झटकायला उभं राहावं तसे,
आणि झटकत कुणीच नाही.
शेवटी पुडी बांधत ते म्हणाले,
शिकलीस चांगली. पण पायरी ओळखून बोलावं माणसानं.

रुकय्याखाला माझ्याच बाजूची असेल वाटलं होतं.
ती म्हणाली, नक्को गं बाई.
माझ्या कोपऱ्यात मी कधीही उभी राहते,
भाजीचे हात धुतले की झालं,
कुणाला विचारावं लागत नाही.
तिथं गेले की पदर इथं का, पोर रडतंय का,
सगळी गल्ली मोजत बसेल.
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
अजूनही नाही.

अम्मी दोरा ओवत होती.
घर बेहतर, हौ, ती म्हणाली,
पण कुणाचं?
दहा बाय बाराची खोली. मशीन, गठ्ठे, सिलिंडर,
रात्रपाळीहून येऊन आडवा झालेला शकूर.
मशीन सरकवल्याशिवाय सजदा मावत नाही,
आणि मशीन सरकवलं की शकूर जागा होतो.
तीस वर्षं ती फजर पढते
चोरासारखी.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांसाठी
वरची खोली उघडली. कशी, ते मला नीट कळलं नाही;
कुणी म्हणतं जमातीत नव्या पोरांनी हट्ट धरला,
कुणी म्हणतं मकबूलचाचांच्या सूनबाईनं.
मागून लोखंडी जिना, वेगळा.
खोलीत आधी जनाज्याची खाट ठेवायचे.
माझी नानी मशिदीत एकदाच आली होती,
त्या खाटेवरून.

सत्ताविसाव्या रात्री आम्ही निघालो.
अम्मीनं इत्तर लावलं, मग पुसलं,
मग थोडं राहू दिलं.
जिना दिवसभराच्या उन्हानं अजून तापलेला.
पहिली पायरी, दुसरी. तिसरीवर गुडघ्यानं नाही म्हटलं.
वरून बाया बोलावत होत्या, पंख्याची खडखड ऐकू येत होती.
मी म्हटलं, उचलून नेऊ?
ती म्हणाली, तू जा.
आणि बसली.

जिना पूर्वेला चढतो.
म्हणजे त्यावर खाली बघत बसलं
की तोंड आपोआप किब्ल्याकडे.
समोर मशिदीची मागची भिंत,
भिंतीपलीकडे पुरुषांची शेवटची सफ.
अम्मीनं हात उचलले.
मी वर गेले नाही, खालीही उतरले नाही,
तिच्या मागच्या पायरीवर उभी राहिले.
मकबूलचाचा, ओळखली तिनं पायरी.

सलाम फेरून झाल्यावर
तिनं मांडीवरची मशिदीची जानमाज उलटी केली,
कड बोटांनी चाचपली.
माझी नाही ही शिलाई, म्हणाली,
घाई केलीय कुणीतरी.
सुटलेला दोरा दातानं तोडला.
मग माझा खांदा धरून उठताना,
उद्या जरा लवकर निघू.
गुडघ्याला वेळ लागतो.