कानामागून

मंडईचा हंगाम लागला की
फळीवरची जुनी कटोरी खाली येते,
दात घासून झिजलेला ब्रश,
दहा रुपयांची काळी पुडी.
हे आंगणात पाट घेऊन बसतात, उघडे,
खांद्यावर माझं फाटकं लुगडं,
आणि मी मागे उभी.

नाटकाचं नाव दर साली बदलतं.
ह्यांचं वय नाही.
तिसावं वर्ष आहे कॉलेजात,
पास होत नाहीत, नापास होत नाहीत,
पहिल्या अंकात वही घेऊन येतात
आणि तिसऱ्यात गावासाठी जीव देतात.
वडशापासून नवेगावापर्यंत भिंतींवर
जो फोटो लागतो, तो आमच्या धाकटीच्या बारशाचा.
धाकटीला आता दोन लेकरं आहेत.
पोस्टरातून तिला कापलं, फक्त तिची मूठ
राहून गेली ह्यांच्या कॉलरजवळ.
लोकांना वाटतं, गुलाबाचं फूल असेल.

हिरोइन नागपूरची, बावीसची.
रंगमंचावर राजसा म्हणते,
पडद्यामागे, काका, जरा पंखा इकडे सरकवा.
हे सांगतात हसत हसत.
मी ब्रश बुडवते.

"मालक म्हने, पुढच्या साली बापाचा रोल घ्या."
"मंग घ्या ना."
"बापाले गानं नसते, कौतिका.
बाप खोकलते अन् मरते."
पाठ अशी ताठ झाली
की कटोरी कलंडली माझ्या पायावर.
अंगठ्याचं नख किती दिवस काळं होतं.

माझे केस मी केव्हाच सोडून दिले.
शंकरपटाच्या रात्री एकदा गेले बघायला,
पहिल्या रांगेत, घरून नेलेल्या पोत्यावर.
खेळ सुटला, पोरं मोबाईल घेऊन जमली.
"आई, थोडं बाजूला व्हा जी, हिरोसंग फोटो काढतो."
आणि मग ह्यांना, "सर, तुमच्या आई आहेत का?"
हे काही बोलले नाहीत.
माईकची वायर गुंडाळत होते.
ती गुंडाळून झाली
तरी गुंडाळत राहिले.

परतताना जीपमध्ये सगळी पार्टी होती,
आम्ही दोघं धानाचं बोललो.
"वरची बांधी पिकली," मी म्हणाले.
"हो, पिकली," म्हणाले,
आणि कानटोपी खाली ओढली.

तेव्हापासून मी एक करते.
पुढचे काळे करते, माथा करते, भुवया,
मिशीला तर काडीनं, थरथर न होऊ देता.
डाव्या कानामागे चार बोटं जागा
तेवढी सोडते.
"मागचं झालं का?"
"झालं."
आरसा तिथवर जात नाही.
कानामागून आली आणि तिखट झाली,
हे लोक त्या हिरोइनला म्हणतात.
मला तिथे दुसरंच कोणी बसलेलं दिसतं,
पांढरं, मऊ,
माझ्याच वयाचं.

रंगवाला सुकरू इमानदार माणूस.
त्याला दिसतं. विचारत नाही काही,
काजळाचं बोट फिरवतो तिथे, रोज रात्री.
पहाटे हे येतात, तोंडावर अर्धी पावडर,
गळ्याशी रक्त, म्हणजे कुंकवाचं पाणी,
खाटेवर पडल्या पडल्या झोपतात.
गालावर मात्र रात्रीतून उगवलेले असतात खुंट,
त्यांना कोणी सांगितलेलं नसतं
कोणता अंक चालू आहे.

मी जवसाचं तेल घेते, पदराचं टोक,
कान हलकेच पुढे दुमडते
आणि काजळ पुसत बसते.

काल डोळे न उघडताच म्हणाले,
"तिथचं राहू दे."
काय राहू दे, ते नाही सांगितलं.
तेलाचा हात तसाच धरून
मी बसले बराच वेळ.
दुपारी दोनला जीप येईल.
आज कुरुडला खेळ आहे.