सुरी लावायची नाही

शाहूपुरीतल्या बेकरीतनं इरफान बागवान
सायकलला तीन ट्रे बांधून आला.
"मावशी, हाटेलवाल्यानं ऑर्डर मोडली. नव्वद हायत.
अंडं नाही घातलेलं. इंग्लिश मफिन म्हणत्यात. ठेवून घ्या."

मी एक हातात घेतलो.
पाव म्हणावं तर चपटा, भाकरी म्हणावं तर जाड.
वर-खाली तव्याचे डाग, कडेला पांढरं पोट,
बुडाला मक्याची कणी चिकटलेली.
"वाढायचं कशाबरोबर रे हे?"
"ते इंग्लंडला विचारा," म्हणाला,
"फक्त सुरी लावू नका. काट्यानं कडेकडेनं टोचा,
मग हातानं उकला."

श्रावण चाललेला.
मेसमध्ये महिनाभर तांबडा बंद, पांढरा बंद,
आणि राजारामपुरीतली माझी बावीस पोरं
ताटाकडं अशी बघायची
की त्यांचा निकाल मीच लावलोय.

काटा काही घरात नव्हता.
स्वेटरची सुई धुतलो, टोचलो, उकललो.
आत नुसती भोकं,
आंबोळीला पडत्यात तशी, लहान-मोठी, वाकडी.
तवा तापवून ती बाजू खाली टाकलो,
वर गंगावेशीतल्या म्हशीचं लोणी लावलो,
तर लोणी कुठं गेलं ते दिसेचना.
तेव्हा कळलं.
सुरीनं सगळं सपाट झालं असतं,
मग लोण्यानं बसायचं कुठं?

मंगळवारी मटकीची उसळ, त्यावर शेव, कट वाटीत वेगळा.
मफिन बुडवलं तरी विरघळत नाही, पावासारखं रडत नाही.
बुधवारी घट्ट पिठलं मध्ये थापलो, वर खर्डा,
"मावशी, नाद खुळा!" असा पहिला आवाज आला.
गुरुवारी दोडक्याच्या शिरांची चटणी आणि चक्का.
ती पोरांनी बोटानं बाजूला सारली,
पण मी दोन खाल्लो आणि अजून सांगतो,
चौघांत तीच सरस होती.
शुक्रवारी दिग्विजय घाटग्यानं चीजचं पाकीट आणलं,
त्यावर माझी कांदा-लसूण चटणी भुरभुरलो,
झाकण ठेवलो, चीज वितळून लालभडक झालं,
तव्याभोवती ही गर्दी.

रात्री भांडी झाल्यावर ट्रे पुसायला घेतलो.
मी खाल्लेली दोन धरून हिशेब केलो.
बावीस पोरं, चार दिवस, अठ्ठ्याऐंशी.
एकही उरायला नको होतं.
चार उरलेली.

म्हणजे कोणतरी चारी दिवस खाल्लंच नव्हतं,
आणि मला पत्ता नाही.

शेडबाळचा पारस मगदूम. कोपऱ्यातला.
पहिल्या वर्षाचा, ताट स्वतः धुऊन ठेवणारा.
कांदा नको, लसूण नको, दिवस मावळल्यावर तर काहीच नको.
आणि मी उसळीत लसूण, पिठल्यात लसूण,
खर्ड्यात लसूण, त्या चटणीच्या तर नावातच लसूण.
"मग चार दिवस काय खाल्लास रे?"
"शेंगदाणे हायत की मावशी. गावाकडचे."
वर हसला. मला ते हसणं सोसलं नाही.

शनिवारी साडेपाचलाच चूल पेटवलो.
तवा राखेनं घासून घेतलो, कालचा वास जाईपर्यंत.
सुईनं टोचलो. सावकाश उकललो.
लोणी नको म्हणाला, म्हणून तूप.
तुपात खरपूस झाल्यावर काकवी सोडलो,
धार धरून, भोकाभोकातनं,
एक भरलं की दुसरं,
वर थोडे तीळ, चिमूटभर सुंठ.

तो उंबऱ्यातच उभा राहून खात होता.
एकदा घड्याळाकडं बघितला, एकदा खिडकीकडं.
उजेड होता अजून.
चौथं अर्धं झाल्यावर हळूच म्हणाला,
"मावशी, ह्यात खमीर असतंय. आमच्या आईला सांगू नका."
मी म्हटलो, "तुझ्या आईला कशाला सांगतोय मी,
मला अजून इंग्लंडला कळवायचंय
दोडक्याच्या शिरांचं."

मनगटावर ओघळलेली काकवी
त्यानं चाटून घेतली, आणि ताट धुवायला गेला.

आता चटणी पडायच्या आधी
एक वाटी बाजूला काढतो मी. रोज.
त्या वाटीला पोरांनी नाव ठेवलंय: मपीन.